स्टायलक्राफ्ट स्पेशल डीके लोकर: पोस्टाच्या पेटीला टोपी घालायची असेल तर हीच घ्या

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इकडे इंग्लंडमधे रस्त्यावरच्या लाल पोस्टाच्या पेट्यांना लोकं क्रोशाच्या टोप्या करून घालतात, वर प्राणी, फुलं, बाहुल्या, काय वाट्टेल ते. यार्न बॉम्बिंगच हे, म्हणजे रस्त्यावरच्या वस्तूंना विणकामाने मढवायचं. 2005 मधे अमेरिकेत ह्यूस्टनला मॅग्डा सेएग नावाच्या बाईने आपल्या दुकानाच्या दाराच्या हँडलला विणकाम गुंडाळलं आणि तिथून हे खूळ पसरलं म्हणतात. आईला सांगितलं तर म्हणे त्यात काय, आम्ही टीव्ही, फ्रिज, मिक्सर कशाला सोडलं होतं का!

तर आमच्या लायब्ररीत दर गुरुवारी नऊ बायका आणि एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आजोबा असा ग्रुप जमतो, त्यांनी जंगल थीम ठरवली आणि हत्ती माझ्या गळ्यात पडला. मी शहाणपणा करून एका ऑनलाइन दुकानातून (नाव नको) महागाचा कॉटन दोरा मागवला, हातात काय सुंदर दिसत होता, पण दोन पाऊस झाले आणि हत्तीची सोंड ओली होऊन जी लोंबायला लागली ती थेट पत्र टाकायच्या फटीपर्यंत, वर कानांचा गुलाबी रंग सुळ्यांवर उतरला. आजोबांनी फोटो पाठवला, खाली लिहिलेलं की तुझा हत्ती पत्रं वाचतोय.

मग ही स्टायलक्राफ्ट घेतली. डीके म्हणजे मध्यम जाडीची, शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक, 100 ग्रॅमचा गुंडा, त्यात 295 मीटर, 4 मिलिमीटरची सुई. अख्खा हत्ती दीड गुंड्यात झाला. भिजते तीपण, पण वाऱ्याने लवकर वाळते आणि आकार धरून ठेवते, फक्त सोंडेत कापूस एकदम ठासून भरा आणि मुके खांब (क्रोशाचा आखूड टाका) घट्ट घाला. रंग इतके आहेत की हत्तीचा करडा निवडण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

हो, मुक्या खांबावरून आठवलं. इंग्लंडच्या पॅटर्नमधे डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकेच्या पॅटर्नमधे डबल म्हणजे साधा खांब, तो जास्त उंच असतो. अर्ध्या ग्रुपने यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघून टोपीची झालर केली, ती दुप्पट लांब झाली आणि पत्रं काढायच्या वेळेची पाटीच झाकली गेली, सगळं उसवलं. आणि पेटी आधी मोजा हो, छोटी मोठी असते, आमची छोटी निघाली.

एक स्टार कापलाय तो अ‍ॅक्रिलिक शेवटी प्लास्टिकच म्हणून. लावून विसरून जायचं नाही, रस्त्यावर त्याच्या चिंध्या होऊन तंतू गटारात जाताना बघवत नाही. पिट्सबर्गला 2013 मधे अख्खा अँडी वॉरहॉल पूल विणकामाने मढवला होता, तो उतरवल्यावर तुकडे धुवून गरजूंना वाटले, ते मला फार आवडलं. ही लोकर मशीनमधे 40 डिग्रीला धुता येते, म्हणजे आपल्यालाही तसं करायला काही हरकत नाही.

हत्ती सध्या दोन महिने टिकून आहे. आता सप्टेंबरात गणपती बसवूया का म्हणून सगळ्या मागे लागल्यात. मी म्हटलं नको, बाप्पाला असं रस्त्यावर पावसात भिजत नाही ठेवायचं, नुसता उंदीर करू. करडा अर्धा गुंडा उरलाय, तेवढ्यात होईल.