'ॲनालेक्ट्स' इंग्रजीतून वाचायचंय: लाऊ की स्लिंगरलँड?

कन्फ्यूशियसचं 'ॲनालेक्ट्स', म्हणजे त्याची वचनं आणि शिष्यांशी झालेले संवाद यांचा संग्रह, इंग्रजीतून वाचायचं ठरलं, की निवड बहुधा दोन भाषांतरांवर येऊन अडते. एक डी. सी. लाऊ यांचं, १९७९ चं, पेंग्विनचं. दुसरं एडवर्ड स्लिंगरलँड यांचं, २००३ चं, हॅकेटचं. जेम्स लेग यांचं १८६१ चं भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं आणि त्याच्या टीपा आजही कामाच्या आहेत, पण पहिल्या वाचनाला ते व्हिक्टोरियन इंग्रजी जड जातं. आर्थर वेली यांचं १९३८ चं भाषांतर मी दुसऱ्या वाचनासाठी ठेवीन.

निव्वळ भाषेचा प्रश्न असेल तर लाऊ सरस आहेत. मुळातली वाक्यं आखूड, जवळजवळ तुटक आहेत आणि लाऊ त्यांत भर घालायला जात नाहीत. त्यांची प्रस्तावनाही पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. स्लिंगरलँड संदर्भ कळावा म्हणून चौकोनी कंसात शब्द घालतात. अर्थ लागतो, पण वाक्याची लय मोडते.

तरी माझा कौल फिरला तो नावांमुळे. अकराव्या प्रकरणातला बाविसावा उतारा घ्या. झीलू हा शिष्य विचारतो, चांगलं काही ऐकलं की लगेच आचरणात आणावं का? गुरू, म्हणजे कन्फ्यूशियस, म्हणतात, वडील आणि थोरले भाऊ असताना लगेच कसं? मग रान यौ हाच प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं, लगेच आणावं. तिसरा शिष्य गोंधळतो आणि म्हणतो, 'यौने विचारलं तेव्हा तुम्ही थांबवलंत, छ्यूने विचारलं तेव्हा हो म्हणालात.' आता हा यौ म्हणजे रान यौ नव्हे, झीलू! यौ हे झीलूचं स्वतःचं नाव, आणि छ्यू हे रान यौचं. चिनी लिपीत दोन्ही 'यौ' वेगळे दिसतात. रोमन लिपीत एकच होतात. गुरू पुढे सांगतात की एक मागे राहतो म्हणून त्याला पुढे ढकललं, दुसरा धावत सुटतो म्हणून आवरलं. माणसागणिक उपदेश बदलतो, हे या उताऱ्याचं मर्म आहे, आणि नेमकी माणसंच उलटसुलट झाली तर हाती काय लागणार?

लाऊ मुळातली नावं तशीच ठेवतात. शिष्यांची ओळख पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात आहे, आणि चांगली आहे, पण पानापानावर बोट घालून मागे जाण्यात माझं वाचन तुटायचं. स्लिंगरलँड एका माणसाला शक्यतो एकाच नावाने हाक मारतात. शिवाय सार्थ गीतेसारखी टीका त्या त्या उताऱ्याखाली लगेच येते.

ही टीका म्हणजे माझ्या दृष्टीने या आवृत्तीचं खरं धन. नवव्या प्रकरणात गुरू नदीकाठी उभे राहून म्हणतात, जाणारं सगळं असंच जातं, रात्रंदिवस थांबत नाही. जुन्या टीकाकारांना त्यात सरत्या आयुष्याची खंत ऐकू आली. बाराव्या शतकातल्या जू शी या टीकाकाराला त्यात अखंड साधनेचा आदर्श दिसला. चीनमध्ये हा ग्रंथ शतकानुशतकं अशाच टीकांसह वाचला गेला. सुमारे पाचशे छोटे उतारे नुसते मांडले तर पुष्कळसे सुविचार वाटतात. टीकेमुळे त्यामागचं माणसांचं बोलणं ऐकू येतं.

अर्थात स्लिंगरलँड सावकाश वाचावे लागतात. कधी दोन ओळींच्या उताऱ्याखाली परिच्छेदभर चर्चा असते आणि टीकाकारांचं मत आपल्या मतावर बसतं. ते टाळायचं असेल, किंवा झीलू, यान हुइ, झीगोंग ही शिष्यमंडळी आधीच ओळखीची असतील, तर लाऊ खुशाल घ्या. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मात्र मी स्लिंगरलँड घ्यायला सांगेन. उतारा आधी टीकेशिवाय वाचा, मग खाली उतरा.