टप्प्याटप्प्याने केव्ह डायव्हिंग : उत्तर फ्लोरिडातील प्रशिक्षणाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

अमेरिकेच्या उत्तर फ्लोरिडातील झऱ्यांमध्ये केव्ह डायव्हिंगचे, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांत डाइव्ह करण्याच्या प्रशिक्षणाचे, कॅव्हर्न (गुहेचा तोंडाजवळचा उजेडाचा भाग), इंट्रो टू केव्ह (प्राथमिक) आणि फुल केव्ह (पूर्ण) हे तिन्ही टप्पे मी मध्ये पुरेसे अंतर ठेवून पूर्ण केले, आणि शेवटच्या टप्प्याचे प्रमाणपत्र-कार्ड मिळाल्यानंतरही गेले कित्येक महिने त्याच गुहांमध्ये नियमितपणे डाइव्ह करत आहे. तारकर्लीला किंवा नेत्राणीला स्कूबा शिकलेले अनेक मराठी मित्र विचारतात की, हे सर्व स्तर सलग आठ-दहा दिवसांत करून देणारे प्रशिक्षक असताना इतका वेळ कशासाठी घालवायचा? माझे मत असे झाले आहे की अभ्यासक्रम उत्तमच आहेत, परंतु त्यांत शिकलेले अंगवळणी पडले ते दोन टप्प्यांमधल्या साध्या, परवानगीच्या मर्यादेतच केलेल्या डाइव्हमुळे.

येथील गुहा चुनखडीच्या आहेत. हा खडक पाण्यात हळूहळू विरघळत गेल्याने मैलोगणती पसरलेले, पाण्याने भरलेले बोगदे तयार झाले. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये असे काही घडत नाही, त्यामुळे आपल्याकडे या प्रकाराची कल्पना येणे कठीण जाते. पाणी वर्षभर सुमारे २२ अंश सेल्सिअस आणि काचेसारखे स्वच्छ असते, आणि धोका नेमका त्या स्वच्छतेतच आहे, कारण ती माणसाला आत ओढते. १९६० आणि १९७० च्या दशकांत येथे अनेक जीव गेले. केव्ह डायव्हर शेक एक्स्ली यांनी त्या अपघातांचे विश्लेषण करून बाहेरपर्यंत अखंड दोरी, हवेचा एक-तृतीयांश नियम (एक भाग आत जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, एक राखीव) आणि खोलीची मर्यादा ही सूत्रे मांडली, ज्यांत पुढे प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडली. मरण पावलेल्यांत ओपन वॉटरचे, म्हणजे मोकळ्या पाण्यातील डायव्हिंगचे, प्रशिक्षकही होते, ही गोष्ट समुद्रातील अनुभवावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी.

कॅव्हर्नमध्ये दिवसाचा उजेड सतत दिसत राहील इतकेच आत जायचे असते. जिनी स्प्रिंग्ज या झऱ्यांच्या ठिकाणचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : केव्हचे प्रशिक्षण नसलेल्या डायव्हरला डेव्हिल्स आय आणि डेव्हिल्स इअर या गुहेच्या तोंडांच्या भागांत दिवा बरोबर नेता येत नाही. हातात दिवाच नसेल तर पुढच्या अंधाराचा मोह आपोआप आवरतो.

इंट्रोचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटला आणि घाईत नेमका तोच गुंडाळला जातो. येथे गुहेत कायमची बांधलेली मुख्य दोरी सोडायची नाही, बाजूच्या बोगद्यात वळायचे नाही, आणि पाठीवरील जोड सिलिंडरमधील (एकमेकांना जोडलेल्या दोन सिलिंडरमधील) हवेचा फक्त एक-षष्ठांश भाग आत जाताना वापरायचा. म्हणजे ३००० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) ने सुरुवात केली, तर दाबमापकाचा काटा २५०० वर येताच परतायचे. सुरुवातीला हे फारच तुटपुंजे वाटते. परंतु जिनीच्या जोरदार प्रवाहाविरुद्ध पाय मारत राहिल्यास हवा किती झपाट्याने संपते आणि खडकाला बोटांनी धरून स्वतःला शांतपणे पुढे ओढल्यास ती किती वाचते, हा फरक त्याच छोट्या मर्यादेत पुन्हापुन्हा गेल्यावर समजतो. परत येताना तोच प्रवाह मदत करतो. पीकॉक स्प्रिंग्ज या दुसऱ्या ठिकाणी प्रवाह अगदी मंद असल्याने तशी मदत मिळत नाही, शिवाय तळाचा बारीक गाळ फिनच्या एका चुकीच्या फटक्याने उठतो. म्हणून दोन्ही ठिकाणी इंट्रोच्या पातळीवर भरपूर वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

अंधारातल्या सरावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सर्व दिवे बंद करून, अंगठा आणि तर्जनी यांचे कडे दोरीभोवती सैल ठेवून बाहेर यायचे असते. दोरी ओढायची नाही, कारण ती खडकावरून निसटून अरुंद फटीत अडकू शकते आणि त्या फटीतून माणूस जाऊ शकत नाही. दोरीवर बसवलेला प्लास्टिकचा बाण बोटांना लागला की त्याचे टोक चाचपून बाहेरची दिशा ओळखायची, आणि मागच्या जोडीदाराने दंडावर दिलेल्या दाबावरून पुढे जायचे की थांबायचे हे ठरवायचे. अभ्यासक्रमात हा सराव प्रशिक्षकाच्या नजरेखाली होतो. मी आणि माझा नेहमीचा जोडीदार अजूनही तो उथळ पाण्यात दोरी बांधून करतो, आणि त्याची सवय टिकवणे अत्यावश्यक आहे असे मला वाटते.

फुल केव्हमध्ये हवेची मर्यादा एक-तृतीयांशापर्यंत वाढते आणि मुख्य दोरीपासून बाजूच्या दोरीपर्यंत स्पूलने (दोरीच्या छोट्या रिळाने) जोड देऊन वळण्याची परवानगी मिळते. पीकॉकमधून ऑल्सन सिंक या गुहेच्या दुसऱ्या तोंडापर्यंतचा प्रवास करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी वेगवेगळे जाऊन खुणा ठेवाव्या लागतात. ही आखणी डोक्यात स्पष्ट बसायला मला वेळ लागला. इंट्रोमध्ये घालवलेल्या महिन्यांमुळे तोपर्यंत तरंगणे, फिन मारणे आणि काट्याकडे पाहणे यांसाठी वेगळे लक्ष द्यावे लागत नव्हते, म्हणूनच ते लक्ष दिशांकडे वळवता आले.

तक्रारी दोन आहेत. पहिली खर्चाची : जोड सिलिंडर, सुमारे २ मीटर लांब नळीचा रेग्युलेटर, एक मुख्य व दोन राखीव दिवे, रील आणि स्पूल हे सगळे घेताना प्रशिक्षणाचे शुल्क त्यामानाने किरकोळ वाटू लागते. जोड सिलिंडर आधी भाड्याने घ्यावेत, दिवे मात्र स्वतःचे आणि चांगले असावेत. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. एका प्रशिक्षकाने चौकशीच्या वेळीच इंट्रो आणि फुल एकाच आठवड्यात उरकण्याचा आग्रह धरला होता आणि मधल्या सरावाबद्दल एक शब्दही काढला नाही. मी तेथे नाव नोंदवले नाही. प्रशिक्षक निवडताना त्याला सरळ विचारावे की त्याने शेवटचे कधी कोणाला नापास केले होते.

पुढे स्टेज सिलिंडर (वाटेत ठेवून जाण्याचे जादा सिलिंडर) आणि पाण्याखालील स्कूटर असे अभ्यासक्रम आहेत. दोन्हींमुळे माणूस बाहेरच्या वाटेपासून कितीतरी अधिक दूर जाऊ शकतो, आणि एक-तृतीयांश हवेत पाहण्यासारखे अजून इतके शिल्लक आहे की सध्या मी त्यांसाठी नाव नोंदवणार नाही.