आरजी-६ केबल घेताय? मीटर वरच्या चॅनेलवर लावायला सांगा

सांगली-मिरजेत केबल टीव्हीच्या जोडण्या करणाऱ्या मित्रांनो, मला आरजी-६ (जाड, कमी लॉसची टीव्ही केबल) म्हणून आरजी-५९ च्या (बारीक, जास्त लॉसच्या) मापाची वायर विकली गेली. तुमच्या गळ्यात ती पडू नये म्हणून लिहितोय.

विश्रामबागेतल्या एका सोसायटीचं काम होतं. दुकानदाराने १०० मीटरचं बंडल समोरच सिग्नल मोजायच्या मीटरला जोडून दाखवलं. "बघा दादा, फक्त सात डीबी लॉस. अस्सल तांबं!" वायरीत सिग्नल किती घटतो, म्हणजे लॉस, तो डीबीत मोजतात. आकडा खराच होता. लबाडी होती ती चॅनेल निवडण्यात. त्याने मोजलं ५५ मेगाहर्ट्झच्या आसपास, अगदी खालच्या चॅनेलवर. तिथे हलकी वायरही चांगली दिसते. वारंवारता चौपट झाली की डीबीतला लॉस साधारण दुप्पट होतो. म्हणून चांगल्या आरजी-६ मध्येसुद्धा खाली पाच असलेला लॉस ८६० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे विसाच्या घरात जातो. वीस डीबी गेले म्हणजे सिग्नलची शक्ती शंभरावा हिस्सा उरली. त्यावर आणखी चार-पाच डीबी गेले की टोकाच्या घरात चित्र फुटलंच.

आणि तसंच झालं. खालचे चॅनेल स्वच्छ, वरचे फुटत होते. लोकांनी मला धारेवर धरलं.

मग न वापरलेलं दुसरं बंडल घेतलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला आधी मीटर थेट लावला, मग मधे अख्खं बंडल जोडून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे लॉस. वरच्या चॅनेलवर तो २६ निघाला.

वायर सोलली. मधली तार १ मिलिमीटरच्या थोडी वर हवी, ती ०.८ ची. तिच्याभोवतीचा पांढरा फोम साडेचारऐवजी साडेतीनच्या आसपास, आणि ही तूट लपवायला वरचं काळं आवरण जाड केलेलं. आरजी-६ चा कनेक्टर त्या फोमवर सैल फिरत होता. फोमवरची तारांची जाळी इतकी विरळ की खालची फॉइल उघडी दिसत होती. ब्लेडने खरवडलं तर तार आत पांढरी, आणि लोहचुंबक पटकन चिकटला. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार केबल टीव्हीला चालते, उंच वारंवारतेचा प्रवाह पृष्ठभागावरूनच वाहतो. पण मग पैसे अस्सल तांब्याचे का घ्यायचे? डिशच्या कामात तर याच तारेतून एलएनबीला (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट जातात, तिथे पोलादाचा रोध नडतो.

दुकानदार म्हणतो, "आरजी-६ छापलंय कंपनीने, मी काय करणार?" बिलावर त्याने नुसतं 'केबल' लिहिलंय. तुम्ही 'आरजी-६, तांब्याची तार' असं लिहिलेलं पक्कं बिल घ्या. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.