कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं दाताचं क्लिनिक: आईच्या इम्प्लांटचा अनुभव

आईची खालची दाढ काढल्यावर इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दाताची कॅप लावायला, इथं गेलो, आणि डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं त्यासाठीच पाच स्टार देतोय. स्क्रू टायटॅनियमचा, पण हाडात जाणारा भाग मुद्दाम खरखरीत केलेला, बारीक कण मारून मग ॲसिडनं, हातात घेतला तर राखाडी मॅट दिसतोय. हवा लागली की टायटॅनियमवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरतोय, त्यावर आधी रक्तातली प्रोटीनं चिकटतात आणि मग हाडाच्या पेशी त्या प्रोटीनला धरून बसतात, लई भारी वाटलं हे ऐकून. स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधक डॉक्टरांनी सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट धरलेलं बघितलं आणि १९६५ ला माणसात पहिलं इम्प्लांट केलं.

आई म्हणाली, "लगेच कॅप बसवा की ओ डॉक्टर," पण त्यांनी ठाम नाही सांगितलं, तीनेक महिने थांबा, तोवर स्क्रू हलला तर हाडाऐवजी मऊ पेशींचा थर तयार होतोय. आता मटण आरामात चावतीय. पार्किंगची बोंब आहे, संध्याकाळी गाडी नेऊ नका. आणि कॅपच्या कडेनं ब्रश नीट फिरवा, तिथं जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते आणि आतलं हाड झिजायला लागतंय.