केनियाच्या निवडणूक आयोगाचं रिझल्ट पोर्टल (२०२२): माझ्याकडून ५ पैकी ४

सरकारी वेबसाइटचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण ज्यांना निवडणुकांमध्ये रस आहे त्यांनी हे पोर्टल समजून घ्यायलाच हवं. ऑगस्ट २०२२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत केनियाच्या आयोगाने, म्हणजे आयईबीसीने, ४६,२२९ मतदान केंद्रांचे निकालाचे फॉर्म लोकांसाठी ऑनलाइन टाकले. फॉर्म ३४ए म्हणतात त्याला. तिकडे मतमोजणी मतदान केंद्रावरच होते, पक्षांचे एजंट सह्या करतात आणि अधिकारी त्या कागदाचा फोटो किम्स मशीनवरून (मतदाराची ओळख तपासायचं टॅबलेटसारखं यंत्र) पाठवतो. तुम्ही काउंटी, मतदारसंघ, वॉर्ड असं करत आत गेलात की हाताने लिहिलेला तोच कागद समोर, आकडे, सह्या, शिक्क्यासकट. मतदानाच्या दुसऱ्या दिवशीच बहुतेक फॉर्म वर आले होते, हे खरंच भारी आहे.

यामागे २०१७ ची राष्ट्राध्यक्ष निवडणूक आहे. तेव्हा निकाल जाहीर झाला तरी हजारो ३४ए मिळत नव्हते, कोर्टाने सांगूनही आयोगाने सर्व्हर नीट बघू दिला नाही, आणि १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडलं.

आता एक स्टार का कापला. पोर्टलवर नुसते स्कॅन, बेरीज कुठेच नाही. मग प्रत्येक चॅनलने पोरं बसवून एकेक फॉर्म टाइप करून घेतला, कोणी या भागातले आधी घेतले कोणी त्या, त्यामुळे दोन मुख्य उमेदवारांपैकी एका चॅनलवर विल्यम रुटो पुढे तर दुसऱ्यावर रायला ओडिंगा, आणि लढत इतकी घासून की लोकांचा जीव टांगणीला, त्यात मध्येच चॅनल्सची मोजणीही थंडावली. अधिकृत निकाल १५ ऑगस्टला आला, रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५. शीटमध्ये उघडेल अशी फाइल सोबत दिली असती तर बराच गोंधळ टळला असता.

पण खरी परीक्षा त्याच दिवशी झाली. सातपैकी चार आयुक्तांनीच हा निकाल आम्हाला मान्य नाही असं सांगितलं. आयोगच फुटल्यावर विश्वास कोणावर ठेवायचा? तर कागदावर. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने मूळ फॉर्म आणि पोर्टलवरचे फॉर्म ताडून बघायला लावले, फेरफार सापडला नाही आणि ५ सप्टेंबरला एकमताने निकाल कायम राहिला.

आपल्याकडे फॉर्म १७सी, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्याची नोंद, एजंटला मिळतो, पण २०२४ मध्ये तो वेबसाइटवर टाका अशी मागणी कोर्टात गेली तेव्हा आपल्या निवडणूक आयोगाने विरोध केला. मला ते अजिबात पटलं नाही. केनियाला ४६ हजार फॉर्म जमतात तर आपल्याला १० लाखांवर बूथ असले तरी जमायला हवं, माणसं आणि मशीन आपल्याकडे कमी नाहीत.

२०२७ ला केनियात परत मतदान आहे. तेव्हा स्कॅनसोबत आकड्यांची फाइल दिली तर पाचवा स्टारही देईन.