मानेवरचे थेंब की तोंडाची गोळी?

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी कुत्र्याला फिरवणाऱ्यांना पावसाळ्यात गोचीड नवी नसते. तिच्यासाठी प्रामुख्याने दोन उपाय वापरले जातात : मानेवर टाकायचे थेंब आणि चघळायची गोळी.

फिप्रोनिलसारखे औषध असलेले थेंब केस बाजूला करून थेट कातडीवर टाकावे लागतात. ते त्वचेवरील तेलकट थरातून अंगभर पसरतात आणि साधारण महिनाभर काम करतात. मात्र थेंब टाकण्याच्या दोन दिवस आधी व नंतर आंघोळ टाळावी लागते, आणि चिखलात लोळून येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे पथ्य पाळणे म्हणजे दिव्यच.

गोळीला पाण्याचे भय नाही. अफॉक्सोलानरची गोळी महिनाभर, तर फ्लुरालानरची पिसवांवर बारा आठवडे पुरते. परंतु औषध रक्तात असल्यामुळे गोचीड चावल्यानंतरच मरते. शिवाय या गटातील औषधांनी काही प्राण्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये दिला होता. म्हणून फेफऱ्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला पशुवैद्यांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. इतर निरोगी, भटक्या वृत्तीच्या कुत्र्यासाठी मी गोळीच निवडेन.

मांजरांसाठी मात्र मांजरांचेच थेंब घ्यावेत, कारण कुत्र्यांच्या काही थेंबांतील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकते. उपाय कोणताही असो, पिसवांची अंडी गादी-सतरंजीत पडलेली असतात, तीही गरम पाण्याने धुवावीच लागते.