लाल फुगा, पांढरा कळस आणि ऐंशी फूट: एका वारसा सल्लागार सेवेचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला तेही सांगतो, पण आधी कामाचं.

मी अमेरिकेत छोट्या रेडिओ स्टेशनांची तांत्रिक कामं कंत्राटावर करतो. ट्रान्समीटर बंद पडला की रात्री दोनला ज्याचा फोन वाजतो, तो मी. मनोरा कुठे आणि किती उंच, हे आजवर मी नकाशा आणि गणित पाहून ठरवत आलो. समोरच्या टेकडीवरचं जुनं चर्च हा माझा प्रश्न आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून नव्या बांधकामाचा जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल हे तपासून देणाऱ्या ‘वारसा सल्लागार’ नावाच्या खर्चाकडे मी बरीच वर्षं नाक मुरडूनच पाहिलं. या वेळी दोनदा तो खर्च करावा लागला, कारण पहिला वाया गेला. हे परीक्षण दुसऱ्या फर्मचं आहे. फर्म म्हणजे दोनच माणसं: वास्तू-इतिहासाच्या जाणकार एक बाई आणि कॅमेरा-फुगा सांभाळणारा त्यांचा सहकारी.

प्रसंग असा. एका ना-नफा एफएम स्टेशनच्या जुन्या जागेचा भाडेकरार संपला आणि नवा मनोरा उभारायची वेळ आली. माझा आराखडा २६० फुटांचा होता. जागेपासून साधारण सहा दशांश मैलावर, समोरच्या उंचवट्यावर एक पांढरं लाकडी चर्च आहे. एकोणिसाव्या शतकातलं, नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीत, नोंदलेलं, टोकदार कळसाचं. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की कळसामागे नुसतं आकाश दिसतं. त्या आकाशात मी २६० फुटांची लोखंडी शिडी उभी करणार होतो.

इथला नियम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. १९६६च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा कायद्यातलं कलम १०६ म्हणतं की केंद्र सरकारच्या परवानगीने होणाऱ्या कामाचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल, याचा आधी विचार झाला पाहिजे. मनोरा बांधूच नका, असं ते कुठेही म्हणत नाही. पाहा, विचारा, नोंदवा आणि मग ठरवा, एवढंच त्याचं मागणं. रेडिओ-टीव्हीच्या मनोऱ्यांसाठी हा विचार कसा करायचा याचा देशभराचा करार एफसीसीने (रेडिओ-टीव्हीचं नियमन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) २००४मध्ये केला आणि तो २००५पासून लागू झाला. मनोरा नजरेला कुठवर खुपेल, याची अंतरं त्यात गृहीत धरून दिली आहेत. २०० फुटांपर्यंत अर्धा मैल, २०० ते ४०० फुटांपर्यंत पाऊण मैल, त्याच्यावर दीड मैल. या वर्तुळात कुठल्या वास्तू आहेत हे राज्याच्या वारसा कार्यालयाच्या नोंदींतून काढायचं, फॉर्म भरायचा, अमेरिकेतल्या मूळनिवासी आदिवासी राष्ट्रांना कळवायचं, गावातल्या लोकांना जाहीर सूचना द्यायची. राज्याच्या कार्यालयाला उत्तरासाठी ३० दिवस असतात.

म्हणजे २६० फुटांच्या मनोऱ्याला चर्च वर्तुळाच्या आत येत होतं.

पहिल्या फर्मने (नाव घेत नाही, गरजही नाही) जुलैत येऊन फोटो काढले. समोर मेपलची झाडं, पानांनी गच्च भरलेली. संगणकावर मनोरा चिकटवला, तो पानांमागे गडप झाला, अहवालात लिहिलं ‘दृश्य परिणाम नाही’. मीही खूश. मग जाहीर सूचना वाचून चर्चच्या समितीच्या एक वयस्क बाई स्टेशनवर आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी एक छायाचित्र टेबलावर ठेवलं: जानेवारीतला चर्च, नुसत्या काटक्यांची झाडं आणि त्यामागे उघडंवाघडं आकाश. “तुमचा मनोरा हिवाळ्यात सुट्टीवर जाणार आहे का?” एवढंच विचारलं. राज्याच्या कार्यालयानेही जवळपास तेच विचारलं, फक्त सरकारी भाषेत. अहवाल परत आला.

आता दुसऱ्या फर्मकडे.

पहिल्या फोनवर सल्लागार बाईंनी मला विचारलं, “तुमच्या अँटेनाला नेमकं काय हवंय? उंची हवी आहे की पोहोच?” तीस वर्षांत हा प्रश्न मला कुठल्याही वारसावाल्याने विचारला नव्हता. ते ‘कमी करा’ म्हणणार, मी ‘जमत नाही’ म्हणणार, आणि मधल्यामध्ये वकिलांचं बिल वाढणार, ही आमची ठरलेली पद्धत.

दुसरी गोष्ट, पानं गळून पडेपर्यंत त्यांनी काम सुरूच केलं नाही. मला घाई होती, मी कुरकुर केली. त्या म्हणाल्या, घाईच असेल तर दुसरं कुणी बघा. आज त्या नकाराला मी अर्धा तारा देतो.

नोव्हेंबरच्या शेवटी फुग्याची चाचणी झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मनोऱ्याच्या नेमक्या जागेवरून हेलियमचा मोठा लाल फुगा दोरीने वर सोडतात. दोरीवर फुटांच्या खुणा असतात. मग ज्या ज्या ठिकाणांहून वास्तू पाहिली जाते, तिथून फोटो काढतात. लेन्स ५० मिलिमीटरची, म्हणजे झूम करून मनोरा मोठा दाखवला किंवा वाइड अँगलने बारीक केला असं कुणी म्हणू नये. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. पण वारा फुगा तिरका नेतो आणि दोरी २६० फूट सोडली तरी फुगा तेवढ्या उंचीवर राहत नाही. त्यांचा सहकारी दर वेळी अंतरमापकाने खरी उंची तपासत होता आणि वारा वाढला की ‘हा फोटो रद्द’ म्हणत होता. सकाळी साडेनऊपर्यंत आम्ही कामाचे फक्त अकरा फोटो काढले होते. मला वाटलं होतं शंभर निघतील.

चर्चच्या पायऱ्यांवर समितीच्या त्या बाई, दोन शेजारी, सल्लागार बाई आणि मी. २६० फुटांवर फुगा कळसाच्या डाव्या खांद्यावर तरंगत होता. कुणीच काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. मी आयुष्यभर मनोरे खालून वर पाहिले होते, दुसऱ्याच्या पायरीवरून पहिल्यांदाच पाहत होतो. मग दोरी हळूहळू ओढली. २३०, २१०, १९०. साधारण १८०ला फुगा मागच्या टेकडीच्या झाडांच्या रेषेला टेकला आणि लाल असूनही शोधावा लागला.

तिथेच पायरीवर बसून मी मोबाइलवर आकडेमोड केली. ही गोष्ट सल्लागाराची नाही, माझी आहे, पण त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाशिवाय सुचली नसती. आमचं स्टेशन ‘अ’ वर्गातलं. या वर्गाची कमाल मर्यादा ६ किलोवॅट, आणि तीही आसपासच्या जमिनीच्या सरासरीपेक्षा अँटेना १०० मीटर उंच असताना. अँटेना त्याहून उंच नेली तर शक्ती कमी करावी लागते. माझ्या आराखड्यात अँटेना त्या सरासरीपेक्षा सुमारे १२५ मीटर उंच होती, म्हणून शक्ती चार किलोवॅटच्या आत आली होती. मनोरा ऐंशी फूट, म्हणजे साधारण पंचवीस मीटर, खाली घेतला की मी बरोब्बर १०० मीटरवर येतो आणि पूर्ण ६ किलोवॅट वापरू शकतो. कागदावरची पोहोच जवळपास तीच, सुमारे २८ किलोमीटर. वीजबिल वाढणार, ट्रान्समीटर मोठा लागणार, टेकडीमागच्या एका वस्तीत थोडी खरखर येणार. पण मनोरा मात्र चर्चच्या आकाशातून बाहेर.

वर आणखी एक फायदा. २०० फुटांच्या वरच्या मनोऱ्याला विमानांसाठी रंग आणि दिवे लागतात. त्याच्या खाली, जवळ विमानतळ नसेल तर, सहसा लागत नाहीत. म्हणजे रात्री कळसाशेजारी लुकलुकणारा लाल डोळाही गेला. त्यावर समितीच्या बाई पहिल्यांदा हसल्या.

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा. १८० फुटांना वर्तुळ अर्ध्या मैलाचं होतं आणि सहा दशांश मैलावरचं चर्च सरळ त्याच्या बाहेर पडतं. मी लगेच म्हणालो, मग अहवालात चर्च कशाला? कुठलाही वकील हेच म्हणाला असता. सल्लागार बाई म्हणाल्या, “ते अंतर गृहीतक आहे, भिंत नाही. आपण चर्चचा विचार करतोय हे सगळ्या गावाने पाहिलंय. आता गाळलं तर फुगा उडवला कशाला?” चर्च अहवालात राहिलं, १८० फुटांच्या फोटोंसकट. या वेळी राज्याच्या कार्यालयाचं उत्तर मुदतीत आलं आणि त्यात एकही प्रश्न नव्हता.

तर मग पाचवा तारा का नाही?

कारण रेडिओ लहरींचं त्यांचं ज्ञान मोबाइल कंपन्यांच्या कामांवर पोसलेलं आहे. त्यांनी आधी सुचवलं की अँटेना चर्चच्या कळसातच लपवा, भाडं चर्चला मिळेल, दोघांचं भलं. मोबाइलच्या चपट्या अँटेनांना हे जमतं. लाकडी फळ्यांच्या जागी तशाच दिसणाऱ्या फायबरग्लासच्या फळ्या बसवल्या की लहरी आरपार जातात. एफएमची गोष्ट वेगळी. १०० मेगाहर्ट्झला एक लहर तीन मीटर लांब असते. एकावर एक चार घटक लावायचे तर नऊ-दहा मीटर उंची लागते, आणि ती कळसाच्या आत घंटा, वीज पडली तर ती जमिनीत नेणारी तांब्याची पट्टी आणि शेकडो खिळे यांच्या गर्दीत. लहरींचा आकारच बिघडेल. शिवाय खाली रविवारी माणसं बसणार, त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विकिरणाची मर्यादा पाळायची ती वेगळीच. आणि ४५ वर्षांहून जुन्या इमारतीवर अँटेना लावायची तर तिथे सोपी सूट नाही, पुन्हा वारशाची तपासणी आलीच. हे सगळं मला दोन बैठकांत समजवावं लागलं, आणि त्या बैठकांचंही बिल आलं.

नंतर त्यांनी जाडजूड एकखांबी मनोरा तपकिरी रंगवायचा प्रस्ताव आणला. त्यालाही मी नकार दिला. लांबून पाहताना जाड खांब उठून दिसतो. तारांनी ताणलेला, दीड-दोन फूट रुंदीचा जाळीदार मनोरा अर्ध्या मैलावरून ढगाळ आकाशात विरघळतो. जस्ताचा मुलामा काही महिन्यांत आपणहून मळकट राखाडी होतो, त्याहून चांगला रंग मला माहीत नाही. हे त्यांना पटलं, पण मी छोट्या तुलनेचे फोटो काढून दिल्यावर. पाइन झाडाच्या वेषातल्या मनोऱ्याचं नाव त्यांनी काढलं नाही, याबद्दल मात्र आभार. तसलं झाड दोन मैलांवरूनही ओळखू येतं, आणि ते खऱ्या झाडांच्या वर निम्मं निघालेलं असतं.

परतताना गाडीत एक गंमत झाली. मी म्हणालो, तुम्हा लोकांना मनोरे आवडतच नाहीत. त्यांनी यादीच सुरू केली. आयफेल टॉवरला १८८९मध्ये फक्त वीस वर्षांची परवानगी होती, बिनतारी संदेशांच्या उपयोगानेच तो वाचला. एम्पायर स्टेट इमारत १९८६पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे आणि तिच्या डोक्यावर अँटेना आहेत. टेनेसीत डब्ल्यूएसएम या एएम रेडिओ स्टेशनचा १९३२चा, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता ८०८ फुटी मनोरा स्वतःच २०११मध्ये नॅशनल रजिस्टरमध्ये गेला. इंग्लंडमधला एमली मूरचा काँक्रीटचा मनोरा संरक्षित वास्तू आहे, आणि तो बांधावा लागला कारण आधीचा १९६९मध्ये बर्फाच्या ओझ्याने कोसळला होता. डब्ल्यूएसएमचा मनोरा मी स्वतः पाहिला आहे. एएमचा तो प्रकार मला फार प्रिय, कारण तिथे अख्खं लोखंडच अँटेना असतं, लपवायला काही उरतच नाही. पुढचे वीस मैल आम्ही दोघं त्याच्यावरच बोलत होतो, आणि मागे बसलेला सहकारी फुगा मांडीवर घेऊन झोपला होता.

ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचं. बिल कमी नाही, साधारण एका चांगल्या एक्सायटरच्या (ट्रान्समीटरचा मूळ सिग्नल तयार करणाऱ्या यंत्राच्या) किमतीइतकं. फुग्याच्या दिवसाचे पैसे वेगळे लावतात, आणि वाऱ्यामुळे दिवस फुकट गेला तर निम्मे तरीही द्यावे लागतात. हे करारात आधी वाचा, मी वाचलं नव्हतं. अहवाल सुबक असतो, पण तांत्रिक पानं स्वतः तपासा. आमच्या पहिल्या मसुद्यात फूट आणि मीटरची गल्लत होती. फोनला उत्तर मिळतं. ईमेलला मात्र तीन-चार दिवस लागतात.

चाचणीची वेळ पहाटेची घ्या. आमच्याकडे साडेनऊनंतर वारा सुटला आणि शेवटचा फुगा स्मशानभूमीपलीकडच्या ओकच्या फांदीत अडकला. मी हे लिहितोय तेव्हाही त्याची दोरी तिथेच लोंबते आहे, आणि समितीच्या बाईंनी ती वसंतापर्यंत काढून द्या असं लेखी कळवलं आहे.